मसुराएवढे भिंग

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेयर आहे. माझ्या पोटात मसुराएवढे भिंग आहे. त्यातून निघणारा किरण चकती वाचतो, तेव्हा कुठे मला कंठ फुटतो.

कारखान्यातून मी चष्म्यांचे दुकान असलेल्या काकांच्या घरी आलो. तेव्हा माझा काय थाट होता! शेजारीपाजारी मला बघायला येत. काकूंनी स्वतः गायलेल्या अंगाईची चकती मी कितीदा वाजवली असेल, देव जाणे. पुढे काकूंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज बसला तो बसलाच. गाणे थांबले, मीही अडगळीत गेलो. झाकण अर्धवट उघडे, त्यामुळे अक्षरशः धूळ खात पडलो.

मग ताई तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. "आई, तुझी अंगाई ह्याला ऐकवायचीय गं," ती म्हणाली. चकती एकच, आणि ती वाजवणारा घरात मी एकटा. चकती गरगर फिरली, पण मला काही म्हणता काही वाचता येईना. काकूंचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"भिंगावर धूळ बसली असणार, ती पुसायची ना? हा तर माझ्या हातचा मळ!" म्हणत काकांनी झाकण उघडले, चकती काढली, खिशातले फडके काढले आणि 'हाः' करून वाफ सोडायला तोंड उघडले. जन्मभर चष्मे तसेच पुसलेले! पण माझे भिंग केसासारख्या तारांवर तरंगते. त्यांच्या अंगठ्याखाली माझा निकालच लागला असता.

"अहो, थांबा!" काकू ओरडल्या. त्या घोगऱ्या आवाजात एवढा जोर असेल असे कोणाला वाटले नव्हते. "चष्मा नाही तो! आधी वायर काढा."

माझी माहितीपुस्तिका घरात एकट्या काकूंनी वाचली होती.

"बरं बाई, तू सांगशील तसं," काका ओशाळले. त्यांनी वायर काढली, दुकानातल्या रबरी फुग्याने धूळ उडवली. मग कापसाच्या काडीवर शुद्ध अल्कोहोलचा थेंब घेऊन ती भिंगावरून अलगद फिरवली. ते वाळेपर्यंत सगळे थांबले. मग चकती बसवून झाकण लावले, वीज सोडली आणि मी गायलो!

बाळ रडायचे थांबले. काकू नकळत माझ्याबरोबर गुणगुणू लागल्या. बाळाने मान वळवली ती त्यांच्याकडे, आणि त्या घोगऱ्या आवाजावरच ते झोपी गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्याला हलक्या हाताने पुसा. झाकण उघडे टाकू नका, आणि वीज चालू असताना आत डोकावू नका, किरण डोळ्यांना वाईट. एवढेच मागणे.

आता बाळ रडले की मला कोणी लावत नाही. काकू स्वतःच गातात. मी कपाटावर बसून ऐकतो.