प्रिंटर नसलेल्या घरात

९८ टक्के

लॅपटॉपचा पंखा सकाळपासून असा भणभणत होता की बाहेरच्या खोलीत ग्रोझ्दानाला दोनदा वाटलं, चुलीवर काहीतरी उकळत राहिलंय. तक्त्यात एक आकडा टाकावा आणि तो पडद्यावर उमटायची दहा सेकंद वाट बघावी, असं चाललेलं. नगरपालिकेच्या पाणी-प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढल्यावर वाट बघण्याची सवय होते. पण आज शनिवार होता. सोमवारी हा तक्ता बेलग्रेडच्या एका पत्रकार बाईंच्या हातात पडायचा होता. वर्षभराचं नदीतलं आर्सेनिक, जाहीर केलेलं आणि खरं, शेजारीशेजारी. आणि शेवटच्या रकान्यात, मूर्खासारखं तिनेच लिहून ठेवलेलं, खरे आकडे देणाऱ्या बाईचं नाव. यागोदा. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या पंपघरात काम करणारी, दोन मुलांची आई.

ते नाव खोडायलाच ती बसली होती. कर्सर त्या रकान्यापर्यंत

(प्रतिसाद देत नाही)

रकान्यापर्यंत पोचतच नव्हता.

६१ टक्के

टास्क मॅनेजर उघडायलाच दीड मिनिट गेलं. जास्त खाणारा वर येईल अशी यादी तिने लावली. ब्राउझर, अँटिव्हायरस, सगळी ओळखीची मंडळी. त्यांच्या डोक्यावर एक अनोळखी: ‘प्रिंट साहाय्यक’. एकटा एकसष्ट टक्के प्रोसेसर खात होता.

तिच्या घरात प्रिंटर नव्हता. कधीच नव्हता.

तिने तो बंद केला. पंखा निवला. खोली एकदम इतकी शांत झाली की खालच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू आला. मग पंखा परत. यादीत तोच परत. पुन्हा बंद केला आणि या वेळी मोजलं. नऊ सेकंद. पुन्हा. नऊच.

तिने वुकाशिनला फोन लावला.

“कूम, माझा लॅपटॉप मरायला टेकलाय.”

“म्हातारा झालाय तो. तुझ्या नवऱ्यासारखा. दोघांना एकदमच भंगारात घाल.”

“थट्टा पुरे. एक प्रोग्रॅम आहे, मारला की परत उठतो.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग, “हात लावू नकोस त्याला. आलोच मी. कॉफी ठेव.”

वुकाशिन तिचा कूम, ती त्याची कुमा. लग्नात चर्चमध्ये साक्षीला तिच्या बाजूला उभा राहिलेला, तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून घेतलेला. सख्खा भाऊ भांडतो, वाटणी मागतो. कूमच्या बाबतीत तसलं काही मनातही आणायचं नसतं. कारखान्यातले संगणक तो सांभाळायचा आणि तिच्या घरातलाही. तक्त्याबद्दल तिने त्याला सांगितलं नव्हतं, ते फक्त त्याची नोकरी जाऊ नये म्हणून.

तोवर बघू तरी, म्हणून तिने त्या प्रोग्रॅमवर उजवी कळ दाबली. फाइल कुठे आहे. कधी आली.

१९ डिसेंबर, १३:२०

स्लावाचा दिवस. घराण्याच्या संताचा. त्या दिवशी कुणाला आमंत्रण नसतं, ज्याला यायचं तो येतो, दार सताड उघडं. चाळीसेक माणसं येऊन गेली होती. लॅपटॉप मधल्या खोलीत गाणी लावायला ठेवलेला, पासवर्ड काढून. सणाला कोण कुलूप लावतं?

म्हणजे कुणीही. कारखान्याचा फोरमन येऊन तीन वेळा सारमा, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, वाढून घेत बसला होता. तोच. तोच असणार मेला.

तिने फोनमधले त्या दिवशीचे फोटो उघडले. १३:१८. १३:२०. १३:२१. सणाचा गोल पाव हातांवर फिरवताना सगळे दाटीने उभे. फोरमन पुढेच, आ वासून गाणारा. ती एकेक चेहरा बोटाने मोठा करत गेली. पावाला धर्मगुरूचा हात, नवऱ्याचा म्हणजे तिहोमिरचा हात, आणि तिसरा, जो कूमचा असायचा, तो तिहोमिरच्या भावाचा. सगळे हसले होते तेव्हा. कूम कुठे गेला? आणि मधल्या खोलीतून आवाज आला होता, “गाणं अडकतंय इथे! तुम्ही चालू द्या!”

तिने फाइलची वेळ पुन्हा वाचली.

जिन्यात पावलं. दोन-दोन पायऱ्या एकदम.

तिने राउटरची वायर उपटली. बेल वाजली. दार उघडलं नाही तरी उपयोग नव्हता, एक किल्ली त्याच्याकडे होतीच.

०

“कॉफीचा वास नाही,” वुकाशिन म्हणाला. लॅपटॉपपुढे बसला, त्याला वायर दिसली. “हे का काढलंस?”

“स्लावाला पावाला हात का नाही लावलास?”

त्याने हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले.

“कारखानेवाले कुणातरी परक्याला पाठवणार होते, कुमा. मी म्हटलं, मी बसवतो. निदान काय जातंय ते माझ्या नजरेखालून जाईल.”

“काय जातंय?”

“पडद्याचे फोटो. नऊ-नऊ सेकंदांनी.”

“शेवटचा रकाना?”

तो सुटी वायर बोटाभोवती गुंडाळू लागला.

“वुकाशिन, शेवटचा रकाना गेला का?”

“गुरुवारी. मला वाटलं होतं, ते आधी तुझ्याशी बोलतील.”

“यागोदाला सांगितलंस?”

“मी? मी कोणत्या तोंडाने सांगू?”

यागोदाचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. सकाळची पाळी दोनला सुटायची. दीड वाजला होता. तिने कोट ओढला.

“गाडी खाली आहे,” तो उठला. “पायी चाळीस मिनिटं लागतील तुला.”

“बाजूला हो.”

तो झाला. पण मागोमाग उतरला, आणि ती कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याची गाडी तिच्या चालीने शेजारून सरकत होती. काच खाली. “कुमा, अगं बस. मी आहे. दुसरा कुणी आहे का?”

तिने पुन्हा फोन लावला. आता तो बंद होता.

बंद.

ग्रोझ्दाना थांबली. मागचं दार उघडून बसली. गाडी निघाली तशी चारही दारांची कुलपं आपोआप खट्कन लागली. सगळ्या नव्या गाड्यांची लागतात, तिला माहीत होतं. तरी तिने हळूच कडी ओढून पाहिली.

“दाराशी खेळू नकोस,” तो पुढून म्हणाला.

चौकात लाल दिवा. डावीकडे कारखाना, उजवीकडे शहराबाहेर जाणारा हमरस्ता. ती पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकून बघत होती. तो आरशातून तिच्याकडे बघत होता. इंडिकेटर त्याने लावला नव्हता.