सात नंबरचा बॉयलर

शेडमधली माणसं तिला तोंडावर आजी म्हणत आणि पाठ फिरली की सातनंबरीण. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं तर दुसरंच जास्त आवडायचं.

सात नंबर हे तिच्या नवऱ्याचं इंजिन. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पॅसेंजर गाड्या ओढायला एकाच नकाशावरून अशी बारा इंजिनं बांधली होती. उंच चाकं, लांबलचक पोट, नाकात बोलल्यासारखी शिट्टी. आजीच्या हिशेबी त्यातली अकरा नुसती लोखंडं होती आणि एक सात नंबर. नवऱ्यानं ते एकोणीस वर्षं चालवलं. एकदाच, दुसरा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून, तो चार नंबरवर चढला आणि त्याच दिवशी चाराच्या बॉयलरमधली नळी फुटली. भट्टीच्या दारातून वाफ उसळली ती थेट त्याच्या अंगावर. तो घरी आलाच नाही.

याला चाळीस वर्षं झाली. पुढे बारा वर्षांनी ही सगळी इंजिनं मोडीत निघाली, तेव्हा चार नंबर कापताना बघायला ती मुद्दाम गेली होती. सोबत डबा घेऊन. गॅसच्या ज्योतीनं बॉयलर उभा चिरला तशा तिनं टाळ्या वाजवल्या आणि कापणाऱ्याला चहा पाजला. नमुना म्हणून सात नंबर तेवढं राखलं होतं. तेव्हापासून दर आठवड्याला ती फडकं घेऊन त्याचं पोट पुसायला यायची. सून म्हणायची, घरच्या कपाटांच्या नशिबी हे फडकं नाही. त्यावर आजी विचारायची, कपाटांनी काय केलंय गं माझ्यासाठी?

आज सात नंबर पुन्हा रुळावर निघणार होतं. चालवणार होता तिचा मुलगा, एरवी डिझेलवर असणारा. वाफेच्या इंजिनावर पाय ठेवायचा नाही, ही शपथ तिनंच त्याला घातली होती आणि तिनंच ती सोडवली, कारण हे सात नंबर होतं. बापाला एकोणीस वर्षं सुखरूप घरी आणलं, लेकालाही आणेल. तिनं हात वर केला की त्यानं शिट्टी द्यायची, असं ठरलं होतं.

मानाचा पाहुणा म्हणून कारखान्यातला जुना बॉयलरमिस्त्री आला होता. आजीनं त्याला ओळखलं आणि विचारलं, दात कुठल्या बॉयलरमध्ये विसरलात? तो हसला. मग ती सात नंबरचे गोडवे गायला लागली आणि ओघात म्हणाली की चार नंबर मात्र कैदाशीण होती, बरं झालं कापली.

"चाराचा बॉयलर कुठे कापला, वहिनी?" मिस्त्री सहज म्हणाला. "तो तर याच्यावर बसलाय."

त्याला वाटलं होतं, ड्रायव्हरच्या बायकोला एवढं माहीत असणारच. इंजिन दुरुस्तीला आलं की बॉयलरलाच सगळ्यात जास्त दिवस लागत. म्हणून तो उतरवून ठेवायचा आणि बारा भावंडांपैकी कुणाचा तरी तयार असलेला चढवायचा. नंबराची पाटी तेवढी ज्याची त्याच्याकडे. त्या अपघातानंतर त्यानंच नळ्या बदलल्या, दाब देऊन तपासलं आणि तो बॉयलर सातावर बसवला. पुढे बारा वर्षं त्यानं कधी कुरकुर केली नाही.

आजीनं ऐकून घेतलं. मग दाखवा म्हणाली. मिस्त्री तिला हात धरून वर घेऊन गेला. भट्टीच्या दाराशेजारी त्यानं चाकूनं रंग खरवडला. खाली लोखंडात ठोकलेला आकडा निघाला. चार.

त्याच दारासमोर मुलगा फावडं घेऊन उभा होता. पाठ अगदी बापासारखी. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. अठ्ठावीस वर्षं ती काय पुसत होती, हे तिला तेव्हा कळलं.

"आई, देऊ शिट्टी?"

खाली माणसं तिच्या हाताकडे बघत होती. हात वर गेला नाही.

"आग काढ," ती म्हणाली.

मिस्त्रीनं समजावलं की बॉयलर ठणठणीत आहे, गेल्याच महिन्यात तपासलाय. ठणठणीत असेल, ती म्हणाली, पण माझा मुलगा याच्यासमोर उभा राहणार नाही. मुलानं एकदा आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे निखारे ओढायला घेतले.

उतरताना ती पायरीवरच थांबली. आणखी एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"मिस्त्री, मग मी कापताना पाहिला तो कुणाचा होता?"

मिस्त्रीनं चाकू मिटला.

"साताचा, वहिनी. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं."