खांद्यावरचं मलम

शी! तीन वर्षांच्या पोरीच्या काखेत केस! आईने साबण लावता लावता हात मागे घेतला, आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली. पण किळस आली ती आलीच. चिमणीच्या अंगाला हल्ली मोठ्या माणसासारखा घामट वास यायचा, कपाळावर पुटकुळ्या उठल्या होत्या, आवाज घोगरा झाला होता. 'सर्दी असेल, उष्णता असेल' म्हणत आईने इतके दिवस चालवून घेतलं होतं. आता मात्र नवऱ्याला सोबत घेऊन तिने पोरीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हाताचा एक्स-रे काढला.

"हिच्या अंगात पुरुषांचं हार्मोन जातंय. वय तीन, हाडं सहाची. असंच चाललं तर उंची खुंटेल, आवाजही कदाचित असाच राहील. घरात कोणी अंगाला हार्मोनचं जेल लावतं का?"

"छे!" नवरा इतक्या पटकन म्हणाला, की आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"दुसऱ्याने लावलं तर हिला कसं होईल?" तिने विचारलं.

"पेशींमध्ये रिसेप्टर असतात. दारावरची बेलच समजा. कोणी वाजवली, कोणासाठी वाजवली, हे शरीर बघत नाही. वाजली की कामाला लागतं. जेल लावलेल्या उघड्या अंगाला हिचा गाल रोज घासला, तरी पुरे."

उघडं अंग! नवरा सोफ्यांच्या शोरूममध्ये कामाला. रोज अंघोळ झाली की खांद्यांना काहीतरी चोळायचा. 'सोफे ढकलून खांदे धरतात गं.' आणि तसाच, बनियनही न घालता, पोरीला कडेखांद्यावर घेऊन घरभर नाचवायचा.

घरी आल्याआल्या तिने त्याच्या जिमच्या बॅगेतून ट्यूब काढली.

"अहो, हेच ना ते?"

"ताकदीसाठी असतं. जिममध्ये सगळेच लावतात." त्याने नजर चुकवली. "देणारा म्हणाला होता, पोराबाळांना लागू देऊ नको. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय?"

"म्हणजे माहीत होतं! आणि तिथे तोंड वर करून 'छे' म्हणालात?"

"बाईमाणसासमोर काय सांगू?"

"फेका ती."

फेकतोय कसला! त्याने ट्यूब तिच्या हातून घेतली, टोपण घट्ट केलं आणि खिशात घातली. वर आरशात दंड बघून म्हणाला, "आत्ता कुठे अंग भरायला लागलंय. मी असं करतो, तिला उचलतच नाही. झालं?"

या माणसाच्या ताटात आपण रोज वाढतो, याचीच आईला शिसारी आली.

तेवढ्यात चिमणी हात वर करून धावत आली. "बाबा, घे!"

तो खरोखरच मागे सरला. "लांब हो, बाळा. आईकडे जा."

पोरगी तिथेच थबकली. मग त्या घोगऱ्या आवाजात हळूच म्हणाली, "मी शहाण्यासारखी वागेन, बाबा. घे ना."

आईने कपाटातले त्याचे कपडे जिमच्या बॅगेत कोंबले आणि बॅग दाराबाहेर ठेवली.

"एवढ्याशा ट्यूबसाठी मला घराबाहेर काढतेस?"

"एवढ्याशा ट्यूबसाठी तू पोरीला लांब केलंस." लग्न झाल्यापासून तिने त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "नीघ."

दार लावून ती वळली. चिमणीचे हात अजून वरच होते. आईने तिला उचलून घेतलं.