गाठीतून निघालेले केस

हॉलच्या जिन्यापर्यंत माणसं खेटून उभी होती. टेबलावर बसवलेल्या चार वर्षांच्या चिंगीच्या डोक्यावरची सुपारीएवढी गाठ केसवाल्या महाराजांनी ओल्या कापसाने चोळली, काहीबाही पुटपुटले आणि चिमटीने ओढून काढला केसांचा काळाभोर पुंजका! ना रक्त, ना जखम.

"नजरेचे केस!" महाराज गरजले. "आता हत्यार लावलंत तर पोर वेडी होईल!"

चिंगीच्या आजीने, म्हणजे आईच्या सासूबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. चिंगीचं डोकं तिच्या आईनेच घट्ट धरलं होतं. आई शास्त्राची पदवीधर. पुंजक्यातले केस दोन्ही टोकांना कात्रीने कापलेले, कातडीला भोक नाही, गाठ तशीच; तिला सगळं दिसत होतं. पण चारचौघांत बोलायचं कसं? तिने डोकं तसंच धरून ठेवलं.

गाठ लाल झाली, पोर रात्रंदिवस किरकिरू लागली, तेव्हा ती दवाखान्यात गेली.

"जन्मापासून आहे? मग आधी स्कॅन," सर्जनबाई म्हणाल्या. "अशी गाठ कधीकधी कवटीतून आत गेलेली असते. कुणी दाबली-चोळली नाही ना?"

"चोळली." तिची मान खाली गेली. "डोकं मी धरलं होतं."

नशीब, गाठ कवटीच्या बाहेरच होती. ऑपरेशन सुरळीत झालं. सर्जनबाईंनी ट्रेमधली गाठ कापून दाखवली. आत लोण्यासारखा ऐवज आणि चक्क केस!

"बघ! महाराज खोटं बोलत नव्हते!" सासूबाई उसळल्या.

"आजी, बाळ पोटात घडताना कातडीचा तुकडा आत अडकतो. कातडी आली की केस आले. गाठ साधी आहे, पण न कापता यातला एक केस बाहेर येणार नाही."

"मग त्यांनी काढले ते?"

आईने ड्रेसिंगचा कापूस ओला केला, पर्समधल्या कंगव्यातले केस त्यात दडवले, सासूबाईंच्या मनगटावर चोळला आणि चिमटीने पुंजका ओढला.

सासूबाई बघतच राहिल्या. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं? शेजारीण उद्या बाळाला नेतेय तिथे. आपलंच ऐकून!"

आईचे कान तापले. तिने शेजारणीला फोन लावला.

"वहिनी, तो चमत्कार नव्हता. केस कापसात लपवलेले होते. मला दिसलं, तरी मी लाजेखातर गप्प बसले. बाळाला डॉक्टरांकडे न्या. मी येते सोबत. आणि तिथे जे काही दिसेल, त्याबद्दल खुशाल प्रश्न विचारा."