ढगाळ बर्फ

वस्तू दोनच. एका बाटलीतली दारू आणि दुसऱ्या बाटलीतला कोला. दोन्ही एका पेल्यात ओतायच्या आणि बर्फ टाकायचा. एवढ्याशा कामाला सदानं पाऊण तास लावला, आणि त्या पाऊण तासात नीराबाईनं त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की तोंडानं घातल्या असत्या तर अख्खा आग्रावचा कोळीवाडा ओटीसमोर गोळा झाला असता.

सदा म्हणजे तिचा धाकटा दीर. वाशीला कुठल्याशा बारमध्ये काउंटरमागे आठ वर्षं उभा राहिलेला. नीराबाईचा नवरा तुळशीराम नऊ वर्षांपूर्वी वादळात होडीसकट गेला, तेव्हा हा तेराव्याला आला, पोटभर जेवला, "वयनी, काय लागलं तर सांगा" म्हणाला आणि गेला. त्यानंतर दर नारळी पुनवेला एक फोन. तोही मिस कॉल. बोलायचं असेल तर हिनंच उलटा करायचा. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन, रेवदंड्याच्या बाजारात बसून लेकीला, सुचिताला, बारावी केली ती नीराबाईनं. नर्सिंगला घातली तीही नीराबाईनंच. आणि आज पोरीची सोयरीक पक्की व्हायच्या दिवशी ओटीवर मधोमध पाय पसरून बसला होता कोण? तर सदा!

कारण काय, तर म्हणे रीत. त्यांच्यात सोयरीक ठरली की मुलीकडच्या कर्त्या माणसानं पेला भरायचा, बोट बुडवून तीन थेंब देवाला आणि गेलेल्यांना उडवायचे, एक घोट आपण घ्यायचा आणि पेला मुलाच्या बापाच्या हातात द्यायचा. त्यानं घोट घेतला की शब्द पक्का. मग त्यात बदल नाही.

"बाप न्हाय तर चुलता," कोळीवाड्यातल्या जाणत्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. "बाईनं कधी पेला धरलाय?"

बाईनं टोपली धरली तेव्हा कुठं होता रे तुमचा चुलता, असं अगदी ओठावर आलं होतं तिच्या. पण गिळलं. विनेश चांगला मुलगा, सुचिताचा त्याच्यावर जीव, आणि पेल्यावरून भांडण करून पोरीचं जमलेलं मोडायचं? नको. मग तिनं तुळशीरामाचा स्टीलचा पेला, ज्याच्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं तोच, राखेनं घासून लख्ख केला आणि मुकाट्यानं सदासमोर ठेवला. निदान पेला तरी त्याचा असू दे.

सदानं तो दोन बोटांत धरून असा बाजूला सारला, जसं काही कुणी त्याच्यापुढं पिकदाणीच ठेवली.

"वयनी, यात न्हाय होत. हे बर्बन हाय. अमेरिकन व्हिस्की. याचा हायबॉल करतात. त्याला उंच काचेचा ग्लास लागतो." आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ग्लास काढला. तेराव्याला हात हलवत आलेला माणूस, आज ग्लास घेऊन आला!

समोर थेरोंड्याचा हिराजी नाखवा बसला होता. विनेशचा बाप. तीस वर्षं समुद्रावर काढलेला, आता गुडघे धरलेले, मोजकं बोलणारा माणूस. शेजारी त्याची बायको सगुणा, पलीकडे विनेश. भिंतीला टेकून वाड्यातली चार जाणती माणसं. सुचिता आतल्या दाराआड. अकरा वाजले होते आणि सगळ्यांचे घसे सुकले होते. पण सदाचं व्याख्यान काही संपेना.

"बर्बन कुठं ठेवतात ठाऊक हाय? आतून जाळलेल्या लाकडी पिंपात. म्हणून त्याला लाकडाचा वास येतो. आपली ती गावठी ढोसायची सवय असलेल्या माणसाला ते कळायचं न्हाय." मग बाटली उजेडात धरली. मग बूच काढून हुंगलं. मग डोळे मिटले. नीराबाईला वाटलं, आता बहुतेक अंगात येतंय.

"बर्बन म्हंजे ते बिस्किट ना?" सगुणानं हळूच विचारलं.

"न्हाय वो मावशी!" सदा असा हसला की सगुणा बिचारी पदर सावरत मागं सरकली. नीराबाईनं त्याच्या नावावर अजून एक शिवी जमा केली.

"आता बर्फ आणा," सदानं हुकूम सोडला.

बर्फ तिनं आदल्या रात्रीच लावला होता. पाणी उकळून, गाळून, निवल्यावर स्टीलच्या डब्यात. नाखव्याच्या पोटाला बाधू नये म्हणून. सदानं त्यातला एक तुकडा उचलला, उन्हात धरला आणि नाक मुरडलं.

"हा बघा. ढगाळ. मधोमध पांढरा. असल्या बर्फानं हायबॉल पाणचट होतो. बर्फ कसा पायजे? काचेसारखा, आरपार!" आणि उठला, तडक परसात गेला.

परसात निळी पेटी होती. सोमवारच्या बाजाराचे बोंबील त्यात होते, वर गोणपाट, गोणपाटावर कारखान्याच्या लादीचे फोडलेले तुकडे. कारखान्याचा बर्फ आरपारच असतो. पण दोन दिवस तो बोंबलांच्या अंगाला लागलेला, पेटी भरताना-काढताना खालचा वर आणि वरचा खाली झालेला. झाकणाला जुन्या जाळ्याची दोरी बांधलेली. जाळ्याची दोरी म्हणजे मासळीची पेटी, त्यातला बर्फ तोंडात घालायचा नाही, हे कोळ्याच्या घरात रांगतं पोरही जाणतं. आणि वासाचं म्हणाल, तर कोळीवाड्यात मासळीचा वास कुठून येतो हे शोधायला कोण जातंय!

परसाच्या उघड्या दारातून सदा ती दोरी सोडताना दिसला आणि नीराबाई धडपडत उठली. "भावजी, अवो त्या पेटीतला..."

"वयनी!" तो तिथूनच ओरडला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बर्फ कसा असतो ते मला नका शिकवू. तुम्ही तुमचे बोंबील बघा!"

ओटीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. नीराबाई परत बसली आणि तिनं तोंडाला कुलूप लावलं. खोटं कशाला बोला, रागानंच लावलं. बोंबील बघा म्हणतोस? बरं बाबा. आता तूच बघ.

सदानं ग्लास बर्फानं गळ्यापर्यंत भरला. छोट्या मापानं बर्बन मोजलं, एक, दोन, आणि मापाला लागलेला थेंबही झटकून घेतला. ग्लास तिरका करून कडेकडेनं कोला सोडला. "फेस मोडायचा न्हाय," म्हणाला. लांब चमच्यानं एकदाच खालून वर ढवळलं. लिंबाची फोड कडेला खोचली. बारमध्ये बक्षिसी मिळत असेल अशा वेळी, म्हणून असेल कदाचित, पण जरा वेळ थांबून सगळ्यांकडे बघितलंही. आणि उचलून घोट घेतला.

तीन थेंब? ते विसरला. देवाचे विसरला, सख्ख्या भावाचेही विसरला.

नीराबाईची नजर कोपऱ्यातल्या स्टीलच्या पेल्याकडे गेली. राग तर होताच, पण आता रडू यायला लागलं होतं. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाचा एक थेंब, तेवढाही नाही?

सदाचा चेहरा घोट घेताच क्षणभर वाकडा झाला होता. पण बारवाला कसला कबूल करतोय! जीभ टाळ्याला लावून म्हणाला, "वा! आला बघा तो लाकडाचा वास. जळक्या पिंपाचा." आणि ग्लास हिराजीच्या हातात दिला.

आता मात्र नीराबाई भानावर आली. रागाच्या भरात तिला हे सुचलंच नव्हतं, की सदानंतर तोच ग्लास कुणाच्या तोंडाला लागणार आहे. ती "नाखवा..." म्हणेपर्यंत हिराजीनं घोट घेतला होता.

हिराजी थांबला. उठला. गुडघे धरत ओटीच्या कडेला गेला आणि अंगणात पचकन थुंकला.

"पेला थुंकला," भिंतीकडचा एक म्हातारा पुटपुटला. "शब्दच थुंकला की." दाराआड सुचिताची बांगडी वाजली. विनेश उभा राहिला होता आणि बापाकडे नुसता बघत होता.

"लाकूड?" हिराजी तोंड पुसत म्हणाला. "हे बोंबलाचं पानी हाय."

"वयनीच्या पेटीतलाच बर्फ हाय!" सदा ताडकन बोलला. "त्यांनी सांगायला नको? बायकांच्या कारभारात असंच..."

बस्स. नीराबाई उठली. तिनं हिराजीच्या हातातून तो उंच ग्लास घेतला, परसाच्या दारातून लिंबाच्या फोडीसकट भिरकावून दिला, आणि कोपऱ्यात सारलेला स्टीलचा पेला उचलला. डब्यातला ढगाळ बर्फ त्यात टाकला. पेल्याला बाहेरून दोन बोटं लावली, बोंबील कापून कापून चिरा पडलेली, आणि दोन बोटं बर्बन ओतलं. वर कोला. फेस आला तर आला.

"वयनी, बाया पेला धरत न्हाईत," सदा म्हणाला. आवाज मात्र आता बराच खाली आला होता.

"कोळ्याला जाळ्याची दोरी वळखता येत न्हाय, असंबी कुठं ऐकलं नव्हतं," नीराबाई म्हणाली. "पोर माझी हाय. मीच वाढवली. मीच देनार."

तिनं बोट बुडवलं. पहिला थेंब एकवीरेला. दुसरा समुद्राला. तिसरा उंच उडवला. "तुळशीराम," ती मोठ्यानं म्हणाली, "सुचिताची सोयरीक हाय रं आज. ऐकतोस ना?" आणि एक घोट घेतला. दारूनं की कशानं, डोळे भरून आले. तसेच राहू दिले. पेला हिराजीपुढं धरला.

पेला तसाच हवेत राहिला. हिराजीनं भिंतीकडच्या जाणत्यांकडे बघितलं. ते आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. बायकोकडे बघितलं. सगुणानं डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "घ्या की वो. किती येळ हात वर धरायचा त्या बाईनं?"

हिराजीनं दोन्ही हातांनी पेला घेतला. कोरलेलं नाव अंगठ्यानं चाचपलं, आणि एक नाही, दोन घोट घेतले.

"ढगाळ हाय बर्फ," तो म्हणाला. "पन वास न्हाय. गोड हाय. विहीनबाई, पोर आमची झाली."

आत सुचिता मोठ्यानं रडायला लागली आणि ओटीवर एकदम सगळे बोलायला लागले. जाणत्यांनाही अचानक तहान आठवली, ते पेले मागू लागले. सदा मात्र बर्बनची बाटली छातीशी धरून उभाच होता, कुणाला ओतावं ते न कळल्यासारखा.

नीराबाईनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळली.

"भावजी, पेटी उघडी टाकून आलात. जा, झाकण लावा आनि दोरी बांधा. उद्या बाजार हाय माझा."