पाच उंबरं

गुणवंतरावांनी मेलेल्या पक्ष्याची चोच फूटपट्टीनं तिसऱ्यांदा मोजली. चोच तेवढीच भरली. वनखात्याच्या कारकुनीत त्यांनी सागाचे ओंडके मोजले होते, बांबूचे गठ्ठे मोजले होते. पण ज्याला मोजायचं त्याचं नावच ठाऊक नाही, असा प्रसंग नवा होता.

सोमवारी पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. पंचनामा झाला. नावाचा रकाना तेवढा कोरा राहिला, आणि स्वराज्य आलं तरी कोरा रकाना चालत नव्हता. मंगळवारी त्यांनी 'गरुडासारखा' असं लिहून साहेबांकडे पाठवलं. बुधवारी शेरा आला : 'सारखा चालणार नाही. नक्की कोण ते लिहावे.' पक्षी तोवर डब्यात, मिठात मुक्कामाला होता.

गुरुवारी सकाळी पोचू, जंगलचा रखवालदार, पुतणीचं लग्न आटोपून परतला. डब्यात डोकावला.

"हा तं धनेश हाये, बाबूजी. नर."

गुणवंतरावांनी हर्षानं टाक दौतीत बुडवला.

"नर कशावरून?"

"चोचीवरचं शिंग पाहा ना केवढं. अन् या दिवसांत मादी बाहेर दिसतच नाई."

पोचूनं पक्ष्याचा गळा हलकेच दाबला. चोचीतून एक उंबर घरंगळलं. मग दुसरं. अशी पाच.

"मादी अंड्यांवर झाडाच्या ढोलीत बसते, अन् दार आतून लिंपून घेते. चोच निघंल एवढीच फट ठेवते. हा तिले आणून चारते."

"अन् हा नाई गेला तं?"

पोचूनं पाचही उंबरं उचलून घेतली. "कधी मेला हा?"

"सोमवारी."

टाकाची शाई नावाच्या रकान्यात ठिपकली.

दोघं उन्हात हिंडले. दुपार कलताना, रस्त्यापासून कोसभर आत, एका बेहड्याच्या खोडात लिंपलेली ढोली दिसली. पोचू चढला. फटीशी त्यानं उंबर धरलं.

"घे वं माय."

खाली गुणवंतराव मान वर करून उभे होते. मान दुखायला लागली तरी उंबर पोचूच्याच बोटांत होतं. त्यानं फटीला कान लावला. मग लिंपण न फोडता तो उतरला आणि पाचही उंबरं त्यानं गुणवंतरावांच्या हातावर ठेवली.

घरी कमळा झाकल्या ताटाशी बसली होती. नवऱ्याआधी ती सोळा वर्षांत कधी जेवली नव्हती. कचेरीत ते हे कौतुकानं सांगत.

"बसा. भात गरम करतो," ती म्हणाली.

त्यांनी ताट तिच्यापुढे सरकवलं.

"तू जेव. आजपासून माही वाट नको पाहू."

कमळाचा हात ताटावरच थांबला.

"काऊन? तुमी कुठी चालले?"

सदऱ्याच्या खिशात गुणवंतरावांची मूठ उंबरांवर घट्ट मिटली.

"जेव तू," ते म्हणाले. आणि तिनं पहिला घास घेईपर्यंत उभेच राहिले.