बिनतारखेचा राजीनामा

किरीटभाईंवर मी तेरा वर्षं डूख धरून होतो, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको, की जयंत सबनीस मोठा न्यायाचा पुतळा, म्हणून त्याने एका गरीब पोराची बाजू घेतली. न्यायबिय काही नाही. मला त्या माणसाचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, एवढंच.

किरीटभाई म्हणजे आमच्या रंगधारा मिलचे मॅनेजर. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत साड्या रंगवायची आणि छापायची ही मिल. शेठना फुटबॉलचा भारी नाद, त्यामुळे मिलची टीम होती आणि ती कारखान्यांच्या लीगमध्ये खेळायची. टीमचे सेक्रेटरीही किरीटभाईच. मी त्यांच्या हाताखाली पर्सोनेल खात्यात क्लार्क. हजेरी, रजा, भरतीचे कागद, सगळं माझ्याकडे आणि लोखंडी कपाटाची किल्लीही माझ्याकडे.

त्या कपाटात एक हिरवी फाइल होती. टीममधला प्रत्येक पोरगा मिलमध्ये ‘बदली’ म्हणून भरती व्हायचा. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी उभा राहतो तो बदली. खेळाडूंना मशीनजवळ कुणी उभं करत नसे, पण कायमही करत नसे. दर वर्षी नवा करार. भरतीच्या दिवशी पोरगा दोन कागदांवर सही करायचा. एक नेमणुकीचा. दुसरा राजीनाम्याचा. ‘मी माझ्या मर्जीने नोकरी सोडत आहे,’ खाली सही, आणि तारखेची जागा कोरी. पोरगा निकामी झाला किंवा जास्त बोलायला लागला, की किरीटभाई स्वतःच्या पेनने तारीख घालायचे. पोरगा आपल्या मर्जीने गेला. मिलने कुणाला काढलं म्हणून कोर्टकचेरी नाही की काही नाही.

माझ्या राजीनाम्यावर तारीख पडली ती १९८३ च्या डिसेंबरात. मी लेफ्ट हाफला खेळायचो. एका मॅचमध्ये गुडघ्यात काहीतरी कडकन तुटलं आणि प्लास्टर उतरायच्या आत मी ‘माझ्या मर्जीने’ बेकार झालो. मग माझे वडील, बँकेतले हेडक्लार्क, ताठ मानेचा माणूस, किरीटभाईंच्या केबिनबाहेरच्या बाकावर येऊन बसले. एक दिवस नाही, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि भीक घातल्यासारखी मला ही क्लार्की मिळाली. वडील घरी येऊन म्हणाले, “काम झालं.” त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी त्या तीन दिवसांबद्दल चकार शब्द काढला नाही. मी मात्र त्या बाकावरून रोज जात होतो.

वाल्मिक आला १९९३ मध्ये. डिंडोलीचा पोरगा. घरचे धुळ्याकडचे, बाप धुडकू लूमवर बारा-बारा तास उभा राहून डोळ्यांनी अधू झालेला. वाल्मिक दिसायला काटकुळा आणि बोलायला बुजरा, पण चेंडू पायात आला की समोरचे दोन बॅक एकमेकांवर आपटायचे. तीन हंगाम लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचेच. शेठ मॅचला पाहुणे आणायचे ते त्याला दाखवायला.

१९९६ च्या जुलैत तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मराठी बोलणारा साहेब म्हणून हे धुळ्याकडचे लोक माझ्याकडेच यायचे.

“जयंतभाऊ, हजीऱ्याच्या एका कारखान्याची टीम बोलावून राहिली,” तो म्हणाला. “दोन वर्षांचा करार देतील. पण मला इथंच कायम व्हायचंय. आमच्या बापाला आता लूमवर दिसत नाही. दोन वर्षांनी त्यांनी हाकललं तर आम्ही खायचं काय?”

मला आतून गुदगुल्या झाल्या. तेरा वर्षं ज्याची वाट बघत होतो, ते आपल्या पायांनी चालत आलं होतं.

लीगचा नियम साधा होता. नोकरीत असलेला खेळाडू आपल्या सेक्रेटरीच्या चिठ्ठीशिवाय दुसऱ्या टीमकडे जाऊ शकत नाही. नोकरी सुटली तर मात्र जुनी नोंदणी त्याच दिवशी रद्द, पोरगा मोकळा. आणि ३१ जुलैला संध्याकाळी पाच वाजता वही बंद. त्यानंतर वर्षभर कुणाचं नाव आत नाही, बाहेर नाही.

“हजीऱ्याच्या फॉर्मवर सही करून तो त्यांच्या मॅनेजरकडे ठेव,” मी त्याला शिकवलं. “चिठ्ठी मिळाली तर ते लगेच जमा करतील. किरीटभाईंपुढे एकच वाक्य बोलायचं, कायम करा. आणि सरावाला जाऊ नकोस. गुडघा दुखतो म्हण.”

“पण दुखत नाही ना, भाऊ.”

“त्यांना कुठं दिसतंय?”

करारावर किरीटभाईंच्या केबिनमध्ये तीनदा बैठक झाली. लिहून घ्यायला मी होतोच. पहिल्या दिवशी ते गोड होते. नवे बूट देतो, कँटीनमध्ये दोन वेळचं दूध-अंडी लावून देतो, लुना घेऊन देतो.

“कायम करा, साहेब,” वाल्मिक म्हणाला.

“अरे, कायम तो मैं भी नहीं हूँ. ऊपरवाले के आगे कौन कायम है?”

“कायम करा, साहेब.”

मी मान खाली घालून लिहीत होतो, कारण हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या बैठकीत ते चिडले. चिठ्ठी तर देणारच नाही म्हणाले, “पछी घेर बेस,” म्हणजे मग बस घरी. वाल्मिकने लंगडत लंगडत खुर्ची सोडली. इतकं छान लंगडला, की मला स्वतःलाही क्षणभर खरं वाटलं. तिसऱ्या बैठकीपर्यंत शेठचे फोन सुरू झाले होते. हंगाम तोंडावर, आणि स्ट्रायकर सरावाला नाही म्हणजे काय? किरीटभाईंच्या कपाळावर घाम बघून मी त्या दिवशी घरी जाताना जिलेबी घेतली. रजनी, माझी बायको, म्हणाली, “आज काय विशेष?” मी म्हटलं, काही नाही.

आता खरं सांगतो. वाल्मिक कायम व्हावा असं मला मनापासून वाटतच नव्हतं. मला वाटत होतं किरीटभाईंनी अडून बसावं, पोरगा हातचा जावा, आणि शेठनी त्यांना फाडून खावं. पोरगा काय, हजीऱ्याला खेळेल. दोन वर्षं तर दोन वर्षं.

पण किरीटभाई काही मूर्ख नव्हते. ३१ जुलैला बाराच्या सुमारास त्यांनी मला बोलावलं. खुशीत होते.

“जयंतभाई, लडके का परमनंट ऑर्डर टाइप करो. शेठ मान गए. रात को मुंबई से आएँगे, सही कर देंगे. कल सुबह दस बजे लडके को बुलाओ.”

संपलं. पोराला हवं ते मिळालं होतं. मी खरं तर आनंदाने टाइपरायटरपाशी जायला हवं होतं. पण मी जागचा हललो नाही, आणि ते त्यांना दिसलं असावं.

“बुरा मत मानना,” ते पान चघळत म्हणाले. “तुम्हारे टाइम पे भी कायम करते, लेकिन हर कोई वाल्मिक नहीं होता. और तुम्हारे पिताजी! तीन दिन, बाप रे. मैं काच में से देखता था. स्टाफ के साथ चाय की शर्त लगाई थी, बुड्ढा आज उठेगा कि कल उठेगा. मैं हार गया!” आणि ते मोकळेपणाने हसले. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी ही गंमत मलाही आवडेल.

मी ऑर्डर टाइप केली. एकही चूक नाही. मग कपाट उघडलं, हिरव्या फाइलमधून वाल्मिकचा राजीनामा काढला आणि कोऱ्या जागेत तारीख घातली, ३१-७-९६. किरीटभाईंचे आकडे मी तेरा वर्षं बघत होतो. त्यांच्यासारखाच सात काढला. राजीनामा मंजूर केल्याचं पत्र टाइप केलं, लीगला कळवणारं दुसरं पत्र टाइप केलं, आणि दोन्ही रजेच्या अर्जांमध्ये सरकवून दिली.

रोज तीनला सहीची फाइल आत जायची. किरीटभाई कधी वाचत नसत. मी कोपरा उचलायचा, त्यांनी सही ओढायची, मी पान उलटायचं. त्या दिवशी ते शेठशी फोनवर बोलत होते. “वाल्मिक? ए तो आपणा खिस्सामां छे,” असं म्हणत त्यांनी वाल्मिकच्या राजीनाम्याच्या मंजुरीवर सही केली. मी पान उलटलं. लीगच्या पत्रावरही केली. त्यांच्याच कागदाने, त्यांच्याच सहीने मी त्यांना पाणी पाजत होतो, आणि मला वडिलांचा पांढरा सदरा दिसत होता. बाकावर टेकून टेकून पाठीला मळलेला.

स्कूटरवरून उधन्याला लीगच्या कचेरीत गेलो. चार वीसला शिक्का बसला, वाल्मिकच्या नावावर लाल रेघ ओढली गेली. समोरच्या एसटीडी बूथवरून हजीऱ्याच्या मॅनेजरला फोन लावला. ते जागेवर नव्हते. “वाल्मिक मोकळा झाला, फॉर्म लगेच जमा करा,” एवढा निरोप ठेवला. थांबून खात्री करून घ्यायला हवी होती. वाल्मिकलाही गाठायला हवं होतं. पण मला मिलमध्ये परतायची घाई होती. मला ते तोंड बघायचं होतं.

साडेपाचला लीगमधून किरीटभाईंना फोन आला. मी केबिनमध्ये ऑर्डरची फाइल घेऊन उभाच होतो. आधी ते हसले, मग ओरडले. रिसीव्हर तसाच हातात.

“मारी सही? आ कागळ पर मारी सही क्यांथी आवी?”

“आपकी ही है, साहब,” मी म्हणालो. “तारीख के साथ.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. वही बंद झाली होती. वाल्मिक वर्षभर रंगधाराकडून खेळू शकणार नव्हता, आणि शेठ रात्री गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न कुणाला विचारणार, हेही त्यांना कळलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, पान तसंच गालात राहिलं. “शेठ मने काढी मूकशे,” ते पुटपुटले. शेठ मला काढून टाकतील. मी पाच मिनिटं उभा राहून बघत होतो. तीन दिवसांच्या मानाने पाच मिनिटं काहीच नाहीत, पण मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. माझी नोकरी जाणार हे ठाऊक होतं. जाऊ दे म्हटलं.

घरी शीळ घालत आलो. दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर एक म्हातारा बसला होता, इस्त्री केलेलं धोतर, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर पेढ्यांचा पुडा. रजनीने चहा दिलेला होता.

“धुडकूबाबा आलेत, वाल्मिकचे वडील,” ती म्हणाली. “कधीचे थांबलेत तुमच्यासाठी.”

मला बघून ते उठले आणि चाचपडत माझा हात धरला.

“साहेब, मना पोऱ्या परमनंट व्हई गया! तुम्हनामुळे व्हयना हाई. घरमा त्यानी माय रडी ऱ्हायनी.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं.

“कालदिन किरीटभाई घर उनथा ना! मोटार लईसन. म्हणे, परमनंट करतस, पन हजीरावाला फॉर्म पहिले परत लयी ये. मंग पोऱ्या कालच गया, फॉर्म लयना, अन् किरीटभाईन्या समोर फाडी टाका. त्यास्नी सांगं, जयंतभाईले आत्ते सांगू नका, मी सोता सांगसू.”

मी खाली बसलो. हजीऱ्याचा फॉर्म कालच फाटला होता. लीगमध्ये आज लाल रेघ ओढली गेली. वाल्मिक वर्षभर कुठल्याच टीमचा नव्हता, आणि वर्षभर न खेळणाऱ्या स्ट्रायकरला कायम करणारा शेठ अजून जन्माला यायचाय. मिलच्या दफ्तरात तो आपल्या मर्जीने नोकरी सोडून गेला होता. पंचनामा करायला गेलं तर राजीनाम्यावरच्या तारखेचं अक्षर माझं.

“मी तर लूम आजच सोडी दिन्हा,” धुडकूबाबा हसून म्हणाले. “लूमना शेठले सांगं, आते मना पोऱ्या कमाडी. डोयासले आराम.”

त्यांनी पुडा सोडला, एक पेढा उचलला, माझं तोंड कुठे आहे ते नीट न्याहाळलं आणि स्वतःच्या हाताने भरवला. रजनी कौतुकाने बघत होती. मी पेढा चावला. गिळलाही.

“मंग सकाय सहीले पोऱ्याले कितला वाजता धाडू?” त्यांनी विचारलं.

ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले, मान जरा पुढे काढून, नीट ऐकू यावं म्हणून.

“दहाला,” मी म्हणालो.